पलीकडच्या खोलीतली घडी

९ मार्च

बापाला फोन केलास, आत्याला केलास, आणि जिने तुला नाक पुसायला शिकवलं तिला काय? तर म्हणे, "आजीला सांगा." मी काय दाराची कडी आहे, येता-जाता कुणीही वाजवावी आणि पुढे जावं? फोनवर मला अर्धं ऐकू येतं हे कबूल. पण वाचता येतं. शाळेत फार टिकले नाही, तरी गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून या इस्त्रीच्या दुकानात केस पांढरे केलेत मी.

बरं. भिंगरीला आशीर्वाद. खाऊन-पिऊन असावीस.

इकडे तुझा बाप हातातली इस्त्री तशीच धरून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतोय, "माझ्या मुलीने या खोलीतलं त्या खोलीत पाठवलं, मध्ये काही न्यावं लागलं नाही." काय पाठवलं, ते त्याला माहीत नाही. आधी म्हणाला अणू. मग औषधवाला आला, त्याच्यासमोर त्याचा माणूस झाला. मी म्हटलं, माणूस नसेल रे, त्या पोरीला साधं पार्सल वेळेवर पाठवता येत नाही. औषधवाला म्हणतो, "सासूबाईंना पाठवायचं असेल तर नंबर लावावा लागतो का?" हसण्या-हसण्यात मास्तरीणबाईंच्या कोटाची बाही करपली. तुझ्या कौतुकाचा वास दुकानात अजून आहे.

तेव्हा काय केलंस ते मला कळेल असं लिही. लोक मला विचारतात आणि मी नुसती मान हलवते, ते मला जमत नाही. अक्षर मोठं काढ. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय, हे तू स्वतः येऊन बघून गेलीस.

आजी

१४ मार्च

ती. आजी,

चूक झाली, कान पकडले. फोनवर तुला सांगायला गेले असते तर तू "काय पाठवलंस?" असं सातदा विचारलं असतंस आणि आठव्यांदा मीच रडले असते. त्या दिवशी आम्ही सगळेच येडे झालो होतो.

आता ऐक. आमच्याकडे शेजारी-शेजारी दोन खोल्या आहेत. प्रत्येकीत पोलादाचा एक डबा, आतली सगळी हवा काढून टाकलेली. त्या डब्यात एक अणू. एकच. त्याच्या अंगावरचा एक कण आम्ही काढून घेतलेला असतो. अशा अणूला आयन म्हणतात, आणि विजेच्या जोराने तो जागच्या जागी धरून ठेवता येतो. कशालाही न टेकता अधांतरी. लेसरचा उजेड टाकला की कॅमेऱ्यात ठिपका दिसतो. मी रोज सकाळी आधी तो ठिपका आहे ना ते बघते, मग चहा घेते.

अणू कुठेही जात नाही. बापाला सांग. दोन्ही अणू आपापल्या खोलीत बसून असतात. जातं ते दुसरंच. तुझ्या भाषेत सांगते. समज, माझ्या खोलीत एक सदरा आहे आणि पलीकडच्या खोलीत एक कोरा सदरा. मी माझ्या सदऱ्यावर एक घडी घालते, तिरकी, आडवी, कुठलीही. मग आम्ही जे करतो त्याने माझ्या सदऱ्यावरची घडी मोडते आणि तीच, तश्शीच घडी पलीकडच्या सदऱ्यावर उमटते. सदरा हललेला नाही, घडी गेली. दोन्हीकडे राहत नाही. या घडीची नक्कल करताच येत नाही, निसर्गाचा नियमच आहे तो. पाठवायची तर इकडची मोडावी लागते.

त्यासाठी आधी दोन्ही अणूंची गाठ घालावी लागते. दोघे उजेडाचा एकेक कण सोडतात, ते कण मध्ये भेटले तर गाठ बसते. बहुतेक वेळा भेटत नाहीत. आम्ही पुन्हा सुरू करतो. दिवसभर तेच.

आणि एक मेख आहे. पलीकडे घडी उमटते ती निम्म्या वेळा सुलटी, निम्म्या वेळा उलटी. बघून ठरवावं तर बघितल्यावर घडीच विस्कटते. म्हणून माझ्या खोलीतून एका साध्या वायरीने निरोप जातो, "उलटव" किंवा "असू दे". त्या निरोपाशिवाय सगळं फुकट.

पलीकडची खोली एक मुलगा सांभाळतो. माझ्याबरोबरच लागला, पण मी त्याची दहा वाक्यंही ऐकलेली नाहीत. काम मात्र चोख.

आता आमच्या बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली हे सगळं चालतं त्यांनी, शेवटची एक परीक्षा घ्यायला सांगितलीय. निरोपाची वायर काढून टाकायची आणि बघायचं. निरोप नाही म्हणजे निम्म्या घड्या चुकायलाच हव्यात. तशा चुकल्या की आमचं काम खरं. मग बाई ते छापायला पाठवतील आणि बाहेरच्या मोठ्या लोकांपुढे उभ्या राहून सांगतील. सोमवारी वायर काढतो.

तुझी भिंगरी

१९ मार्च

भिंगरे,

घडीचं कळलं. पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. तुझा बाप म्हणाला, "म्हणजे माणूस नाहीच?" आणि दोन दिवस तोंड पाडून कॉलरींवर इस्त्री फिरवत बसला. औषधवालाही हिरमुसला. मला मात्र हेच बरं वाटलं. माणसं पाठवणं काय, ती आपली आपण जातात. घडी जशीच्या तशी दुसऱ्या कापडावर बसवणं मला इतकी वर्षं इस्त्री करून जमलेलं नाही. पँटची एक घडी दुसरीशी जुळत नाही, गिऱ्हाईक जुळली म्हणतं ते लाजेखातर.

पण पास व्हायला चुकावं लागतं, ही परीक्षा मी पहिल्यांदा ऐकली. तुझा काका असल्या शाळेत गेला असता तर पहिला आला असता.

त्या न बोलणाऱ्या पोराचं मला पटलं नाही. मी त्याला आजपासून मुका म्हणणार. बडबड्या माणसाच्या पोटात काय आहे ते त्याच्या तोंडात येतं, हिशेब मिटला. मुका म्हणजे झाकलेलं पातेलं. दूध आहे की नासलंय, झाकण काढल्याशिवाय कळायचं नाही. तू त्याच्या भरवशावर अर्धं काम टाकलंयस, तेव्हा मधून मधून झाकण उचलत जा.

सोमवारचं काय झालं ते लगेच कळव. मी लोकांना सांगून ठेवलंय.

आजी

२ एप्रिल

ती. आजी,

पत्राला उशीर झाला. कामात आहे. इकडे सगळं ठीक. डोळ्यात औषध घालतेस ना? बाबांना सांग, एवढ्यात कुणाला काही सांगत बसू नका म्हणावं.

भिंगरी

६ एप्रिल

"सगळं ठीक" हे कुणाला लिहितेस? पोटात दुखायचं तेव्हाही तू असंच म्हणायचीस आणि मग जिन्यात ओकायचीस.

दोन ओळींचं पत्र मी उलटून-पालटून बघितलं, मागे काही लिहिलंय का. सोमवारचं अक्षर नाही. वर बापाला गप्प राहायला सांगतेस. त्याला गप्प राहा म्हणणं म्हणजे इस्त्रीला गार राहा म्हणणं. आता तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय, "मला कुणाला काही सांगायचं नाहीये."

काय मोडलं, किती मोडलं, कुणी मोडलं, ते लिही. मी घाबरणारी नाही आणि रडणारी तर नाहीच. तू लिहिलं नाहीस तर पुढच्या गाडीने मी तिथे येईन आणि तुमच्या त्या पोलादी डब्यापाशी खुर्ची टाकून बसेन.

आजी

११ एप्रिल

आजी,

नको येऊस. लिहिते.

सोमवारी वायर काढली. मी स्वतः, माझ्या हाताने, माझ्या खोलीतल्या निरोपाच्या खोक्याच्या पुढून उपटली आणि टेबलावर ठेवली. मग दिवसभर घड्या पाठवल्या. संध्याकाळी ताडून बघितलं. निम्म्या चुकायला हव्या होत्या. चुकल्या नाहीत. आधी जेवढ्या बरोबर यायच्या तेवढ्याच आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच.

याचा अर्थ तुझ्या लक्षात आला का? निरोप गेलाच नाही आणि पलीकडे बरोबर उत्तर आलं. निसर्गात असं होऊच शकत नाही. म्हणजे मी इकडे कुठली घडी घालते ते पलीकडे आधीच कुठून तरी कळतं, आणि तिकडे नुसती तशी घडी घातली जाते. घडी जात-बित नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात बघून लिहिल्यासारखं. आम्ही सगळ्यांना सांगितलं की खरं आहे, आणि ते कॉपी असावं.

बाईंनी छापायला पाठवलंय, आजी. परीक्षेआधीच पाठवलं, कारण मीच म्हणाले होते, ती तर नुसती औपचारिकता. येत्या शुक्रवारी बाहेरचे लोक येणार आहेत आणि बाई त्यांच्यासमोर बोलणार आहेत. मी त्यांना अजून एवढंच सांगितलंय की परीक्षा चालू आहे. तेवढं तरी खोटं नाही, रोज चालूच आहे. चार वर्षं मी या एका ठिपक्यापाशी काढली. तो ठिपका जर खोटं बोलत असेल तर मी इथे काय केलं?

आणि अजून एक. पलीकडच्या खोलीत त्याच्याशिवाय कुणी बसत नाही. तिथली यंत्रं तोच लावतो. तुझ्या डोळ्यासाठी मी घरी आले होते त्या आठवड्यात तो एकटाच इथे होता, आणि मी परतल्यानंतरच सगळं नीट चालायला लागलं. त्याआधी निरोप सारखा तुटायचा, वायर दारात चेमटायची. मी आल्यावर दाराखाली नमद्याचा, जाड लोकरी कापडाचा, तुकडा लावला, तेव्हापासून तुटणं थांबलं असं मी समजत होते. आता वाटतं, तेव्हाच त्याने काहीतरी केलं. त्याने मुद्दाम केलं असेल तर? मी बाईंच्या नावे चिठ्ठी लिहिलीय, त्याच्याबद्दल. अजून दिली नाही. तो रोज माझ्यासमोर बसून डबा खातो आणि काही बोलत नाही. मीही बोलत नाही.

काय करू?

भिंगरी

१५ एप्रिल

भिंगरे,

हे पत्र मी दुकानात वाचलं नाही. मोरीत जाऊन वाचलं. बापाला म्हटलं, पोरीला सर्दी झालीय.

काय करू म्हणून विचारतेस तर ऐक. शुक्रवारच्या आत त्या बाईंना सांग. सगळ्यांसमोर सांगावं लागलं तरी सांग. कपड्यावर डाग दिसला की आधी धुवावा. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून डागावरून इस्त्री फिरवली, की तो डाग जन्माचा पक्का बसतो. मग दगडावर आपटा, नाहीतर उकळत ठेवा. तुमचं ते काम खोटं निघालं तर निघू दे. लाज धुता येते. मी आजवर कमी लाज धुतलेली नाही, लोकांची आणि आपल्या घरची.

चार वर्षं फुकट गेली म्हणून गळा काढू नकोस. तुझ्या आजोबांनी तीस वर्षं एकच बासरी वाजवली, त्यांना एकही सूर लागला नाही, पण खोटा सूर लागला असं त्यांनी कधी म्हटलंही नाही. तू निदान तोंड उघडून कबूल तरी करशील.

आणि तो मुका. मी म्हटलं नव्हतं? पातेलं नासलंय. समोर बसून डबा खातो आणि डोळा वर करत नाही, तो सरळ माणूस नव्हे. ती चिठ्ठी देऊन टाक. तुझ्या आईच्या वेळी दुकानात असाच एक होता, तोंडातून शब्द नाही, आणि गिऱ्हाइकांची बटणं जायची. माझं ऐक, त्याला सोडू नकोस. काय झालं ते उलट टपालाने.

आजी

१८ एप्रिल

ती. आजी,

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण मला धीर नाही. आधी शेवट सांगते म्हणजे तू श्वास घेशील. काम खरं आहे. खरं आहे, आजी! आता सांगते कसं ते.

काल शुक्रवारच होता. सकाळी बाहेरचे लोक यायच्या आधी मी बाईंच्या खोलीत गेले. चिठ्ठी खिशात होती. दिली नाही. मी म्हटलं, "बाई, आज बोलू नका. वायर काढूनही उत्तर बरोबर येतंय. माझ्या कामात खोट आहे, छापायला दिलेलं परत मागवा." बाई बसल्या होत्या त्या उभ्या राहिल्या, मग पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "त्याला बोलाव."

तो आला. बाईंनी माझं म्हणणं पुन्हा सांगितलं. मी जमिनीकडे बघत होते. तो मला म्हणाला, "कुठली वायर काढलीस?"

मी म्हटलं, "कुठली म्हणजे? वायर. दाराखालून जाते ती."

तो म्हणाला, "ती मेलेली आहे."

आजी, मी तुझ्याकडे आले होते त्या आठवड्यात त्याने छतातून नवीन वायर टाकली होती. चेमटणारी बंद करून निरोप नव्या वायरीवर घेतला होता. नवी वायर खोक्याच्या मागच्या बाजूला जाते, तिथे मी कधी बघत नाही. जुनी काढली का नाहीस, तर आमच्याकडे रीतच आहे, चालत्या यंत्राला लागलेली वायर कुणी काढायची नाही, कुठे काय बंद पडेल सांगता येत नाही. आणि मला सांगितलं का नाहीस, तर म्हणे, "तुटायचं थांबलं. तुला कळलंच असेल." मला कळलं होतं ते दाराखालचा नमदा! मी त्या नमद्याचं बाईंकडून कौतुकही करून घेतलं होतं.

म्हणजे त्या सोमवारपासून मी मेलेली वायर उपटून टेबलावर ठेवत होते आणि निरोप डोक्यावरून मजेत जात होता.

आम्ही तिघं धावत खोलीत गेलो. त्याने खोक्यामागे हात घालून खरी वायर काढली. बाहेरचे लोक आले होते, बाईंनी त्यांना बाहेरच बाकावर बसवलं, "आमची परीक्षा चाललीय, थांबा." ते थांबले. आम्ही पडद्याकडे बघत उभे. पहिली घडी बरोबर आली. दुसरी चुकली. तिसरी चुकली. मग एक बरोबर, मग एक चूक. गाठ बसायला वेळ लागत होता, मध्ये मध्ये काहीच नाही, तो पंख्याचा आवाज तेवढा. दुपार कलली तेव्हा आकडा निम्म्यावर येऊन टेकला आणि तिथेच राहिला. बाई खाली फरशीवर बसल्या. त्यांच्या साठ वर्षांच्या गुडघ्यांना मी कधी असं बसताना बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "चुकलं! बरोब्बर चुकलं!" बाकावरच्या एका पाहुण्याने डोकं आत घालून विचारलं, "काही वाईट झालं का?"

मग बाईंनी त्यांना आत घेतलं आणि सगळं सांगितलं. मेलेल्या वायरीसकट.

सगळे गेल्यावर मी त्याच्यापुढे चिठ्ठी धरली. म्हटलं, वाच आणि काय म्हणायचं ते म्हण. त्याने वाचली. घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "मलाही तुझाच संशय आला होता. घडी कुठली ते तर तूच ठरवतेस." म्हणजे गेला महिनाभर आम्ही समोरासमोर बसून डबा खात होतो आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा चोर आहे. मला एवढं हसू आलं की डब्याचं झाकण खाली पडलं.

आता मी झोपणार आहे, आजी. उद्या सुट्टी आहे.

तुझी भिंगरी

ता. क. पत्र टाकायला निघाले आणि प्रयोगशाळेच्या दारातच तुझं पत्र हातात पडलं. वाचलं. मग म्हटलं, त्याच्याबद्दलच आहे तर त्यालाही ऐकू दे, आणि पातेल्यापासून बटणांपर्यंत त्याला वाचून दाखवलं. तो हसला. आवाज करून हसला. असा आवाज त्याच्याकडे आहे हे इथे कुणालाच माहीत नव्हतं.

२३ एप्रिल

माझं पत्र परक्या माणसाला वाचून दाखवलंस! लाज सगळी त्या डब्यातल्या हवेबरोबर काढून टाकलीस की काय? घरातलं माणूस घरातल्या माणसाला काय लिहितं, ते काय चव्हाट्यावर मांडायचं असतं? आता उद्या तो इथे आला तर मी कुठल्या तोंडाने त्याला चहा देऊ?

असो. जीव भांड्यात पडला. तुझं पत्र आलं तेव्हा मी चादरी शिंपडत होते, तशीच ओल्या हाताने उघडलं, अर्धी शाई पसरली. "काम खरं आहे" एवढं मात्र कोरडं राहिलं. तिथेच स्टुलावर बसले. तुझा बाप धावत आला, त्याला वाटलं मला काही झालं. मी म्हटलं, काही नाही, तुझी मुलगी चुकली. तो बिचारा पांढरा पडला. मग सगळं सांगितलं तर म्हणतो, "मग आता लोकांना सांगू?" म्हटलं, सांग बाबा, सांग, नाहीतर फुटशील. आता तो वायरीचंही सांगतो, आणि त्यात वायर टाकणारा मुलगा हळूहळू सहा फूट उंच होत चाललाय. औषधवाला म्हणाला, त्याच्या दुकानातही एक दिव्याचं बटण आहे, कशाचं आहे कुणाला माहीत नाही, पण भीतीने कुणी हात लावत नाही. म्हणजे तुमची रीत शहाण्यांतच आहे असं नाही.

तू आधी स्वतःच्या कामाला खोट म्हणालीस आणि दुसऱ्याची चिठ्ठी खिशात ठेवलीस, हे बरं केलंस. मी उलट लिहिलं होतं, पण ते टपाल उशिरा पोचलं, टपालखात्याचे उपकार. मी त्या मुलाबद्दल जे लिहिलं ते त्या वेळी जे समोर होतं त्यावरून लिहिलं. माफी-बिफी मी कुणाची मागितलेली नाही आणि आता या वयात सवय लावून घेणार नाही. पण तो हसला हे वाचून मला बरं वाटलं, हे त्याला सांगायला हरकत नाही. आणि त्याला म्हणावं, माणसाने नवी वायर टाकली तर तोंड उघडून सांगावं. तुझ्या न बोलण्यापायी माझी नात महिनाभर धड जेवली नाही, मी मोरीत बसून पत्र वाचलं, आणि तिचा बाप सर्दीवरची औषधं विकत घेऊन बसलाय.

दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे. तू यायचंस, पण परत गेल्यावर या वेळी सगळ्या वायरी आधी विचारून घे.

आणि या पत्राला उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझी पत्रं पुष्कळ झाली. उत्तर त्या मुलाने लिहायचं, स्वतःच्या हाताने, पान भरून. "ठीक आहे" एवढंच लिहून पाठवलं तर मी ते परत पाठवीन.

आजी